जुना सरफेस ग्राइंडर बसवताना

जुन्या सरफेस ग्राइंडरचा नवा रंग पाहून भुलू नये. आधी स्पिंडल तपासावा. डायल गेज लावून तो हाताने सावकाश फिरवावा. काटा काही मायक्रॉनपेक्षा जास्त हलला, तर बेअरिंगचा खर्च किमतीत धरावा. बेडची झीज बहुधा मधल्या भागात सापडते, कारण टेबलाच्या सर्वाधिक फेऱ्या तिथेच होतात.

मशीन भक्कम फरशीवर ठेवून, मीटरला ०.०२ मिमीचा फरक दाखवणाऱ्या स्पिरिट लेव्हलने दोन्ही दिशांना समपातळीत आणावे.

व्हीलच्या बाबतीत हयगय नकोच. कोरडे व्हिट्रिफाइड व्हील बोटावर टांगून लाकडी मुठीने हलकेच ठोकावे. ते टणकन वाजले पाहिजे. बद्द आवाज म्हणजे तड्याची शंका, असे व्हील बाद करावे. फ्लँज आणि व्हील यांच्यामध्ये कागदी चकत्या हव्यातच. गार्ड लावून, बाजूला उभे राहून, व्हील किमान एक मिनिट रिकामे फिरवावे आणि मग डायमंडने ड्रेस करावे.

मॅग्नेटिक चक मशीनवरच ग्राइंड करायचा असतो, तोही मशीन चांगले तापल्यावर, चुंबक चालू ठेवून, दोन-तीन मायक्रॉनच्या कापाने.

रोज स्लाइडना वे ऑइल द्यावे आणि भुकटी पुसावी, हवेने उडवू नये. ती स्लाइडमध्ये शिरते. काम संपल्यावर कूलंट आधी बंद करून व्हील काही मिनिटे फिरू द्यावे. नाहीतर सच्छिद्र व्हीलच्या खालच्या भागात पाणी उतरते, तोल बिघडतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर लाटा उमटतात.