दुभाष्या वसईकर

सातपाटीच्या दक्षिणेला लागून शिरगाव, मग माहीम, केळवे, आणि किनाऱ्या-किनाऱ्याने खाली उतरत गेले की वसई, उत्तरेला तारापूर. या पट्ट्यात जागोजागी पोर्तुगीज काळातल्या किल्ल्यांचे दगड अजून उभे आहेत. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसईचा मुलूख पोर्तुगिजांना लिहून दिला आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने तो घेतला. मधल्या दोनशे वर्षांवर मराठीत लिहिले जाते तेव्हा प्रश्न ठरलेला असतो: तिकडून इकडे कोण आले, आणि येऊन त्यांनी काय केले? इथून तिकडे कोण गेले, हे फारसे कोणी विचारत नाही. प्रस्तुत लेख अशा एका गेलेल्या माणसाबद्दल आहे. गोन्सालो गार्सिया, जन्म वसई, १५५७ च्या आसपास. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी तो जपानला गेला आणि १५९७ मध्ये नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर मारला गेला.

त्याच्यावरचे बहुतेक लेखन अखेरच्या महिन्याभोवती घोटाळते. संतचरित्राची ती रीतच आहे. मला मात्र त्याआधीच्या पंचवीस वर्षांचे कुतूहल जास्त आहे. घरापासून हजारो मैलांवर धर्मकार्याला लावलेला एक मुलगा सकाळी उठून नेमके काय करीत असे?

या प्रश्नाला आजही उत्तरे मिळतात. मॉर्मन पंथाचे विशी-आतबाहेरचे तरुण दोन वर्षांसाठी परमुलखात जातात. साडेसहाला उठायचे, साडेदहाला निजायचे, सोबत्याला सोडून कुठे जायचे नाही. दर आठवड्याला घरी फोन करण्याची मुभासुद्धा त्यांना २०१९ पासूनची. त्यांच्यापैकी ह्यू फिंडले हा स्कॉटिश माणूस १८५२ मध्ये मुंबईत उतरला होता आणि पुण्याच्या छावणीपर्यंत पोचला होता. पण १८५६ पर्यंत ते सगळे हिंदुस्थान सोडून गेले. पंथ निराळे, शतके निराळी. वेळापत्रक, सोबती, परकी भाषा आणि दुरावलेले घर या चार गोष्टी मात्र दोन्हीकडे त्याच.

गोन्सालो वसईच्या किल्ल्यात जेझुइटांच्या हाताखाली शिकला आणि सेबास्तियाँव गोन्साल्विस या पाद्रीबरोबर १५७२ च्या सुमारास जपानला गेला. या प्रवासाचे गणित वाऱ्यावर चाले. गोव्याहून जहाज पाऊस सुरू होण्याआधी, एप्रिल-मे मध्ये सुटायचे. मलाक्कावरून मकावला पोचेपर्यंत पुढचा वारा निघून गेलेला असे. मग मकावात जवळजवळ वर्षभर थांबायचे आणि दुसऱ्या वर्षीच्या नैर्ऋत्य वाऱ्यावर नागासाकी गाठायचे. वाऱ्याने दिले तरच होडी लोटायची, हे आपल्या किनाऱ्यावरच्या मांगेल्यांना किंवा वैतींना सांगावे लागत नाही. त्या वर्षभराच्या ताटकळण्यातही मुलाचे शिक्षण चालू राहत असणार. नागासाकी बंदर तेव्हा नुकतेच, १५७१ मध्ये, पोर्तुगीज जहाजांना खुले झाले होते. म्हणजे हा मुलगा पोचला ते गाव जवळपास त्याच्या डोळ्यांदेखत वसत होते.

जपानात त्याच्यासारख्या मदतनिसांना ‘दोजुकू’ म्हणत. शब्द मूळचा बौद्ध मठांतला: एकत्र राहणारा. दोजुकू डोके भादरून घेई, जपानी पद्धतीचा लांब झगा घाली, पाद्रींच्या घरातच राही. पण तो पाद्रीही नव्हता आणि व्रत घेतलेला ब्रदरही नव्हता. जेझुइट घराची शिस्त ठरलेली: पहाटे उठून तासभर मौन प्रार्थना, मिस्सा, दुपारी आणि रात्री स्वतःच्या वागण्याची झडती, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. उरलेला दिवस दोजुकूच्या अंगावर. वेदीची तयारी, अंगण झाडणे, मुलांना धर्मपाठ घोकवून घेणे, मयताला जाणे, आलेल्या पाहुण्याला चहा देणे. चहा ही किरकोळ बाब नव्हे. १५७९ मध्ये तपासणीसाठी आलेल्या आलेस्सांद्रो वालिन्यानो या इटालियन वरिष्ठाने मिशनच्या घरांसाठी वागण्याचे नियमच लिहून काढले. घरात चहाची स्वतंत्र जागा हवी, ती स्वच्छ हवी, कोणाला किती वाकून नमस्कार करायचा ते ठाऊक हवे.

जेवणाचे युरोपियनांना जड जाई. लुईस फ्रॉइस या जेझुइटाने १५८५ मध्ये युरोप आणि जपान यांच्या चालीरीतींतल्या उलटसुलट फरकांची एक यादीच केली. आम्ही हाताने जेवतो, ते काड्यांनी. आम्ही मासे शिजवतो, ते कच्चे खातात. अशी कितीतरी कलमे. भात आणि मासळीवर वाढलेल्या वसईच्या मुलाला यातले निम्मे तरी परके वाटले नसावे, असा माझा अंदाज. मसाला नाही आणि नारळ नाही, एवढीच रड.

खरी गोष्ट भाषेची. जपानी भाषेचा मोठा छापील कोश जेझुइटांनी नागासाकीत काढला तो १६०३ मध्ये. छापखानाच मुळी १५९० मध्ये तिथे पोचला. गोन्सालोपुढे पुस्तक नव्हते. तो कानाने शिकला, बाजारात आणि घरोघरी शिकला. कदाचित म्हणूनच त्याची जपानी इतकी सफाईदार झाली की पुढे त्याचे सगळे आयुष्य तिच्यावर उभे राहिले. त्यातच जपानी बोलण्यात समोरच्याचा मान बघून क्रियापदाचे रूप बदलते. ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांच्या पायऱ्या लहानपणापासून चढणाऱ्या माणसाला हे फार लवकर उमगते.

एवढे करून त्याला हवे होते ते मिळाले नाही. त्याला जेझुइट संघात प्रवेश हवा होता. सुमारे आठ वर्षे राबल्यावरही तो मिळाला नाही. कारणे समजायला जड नाहीत. त्या वेळचा जपानचा वरिष्ठ फ्रान्सिश्कु काब्राल हा स्थानिक तरुणांना लॅटिन शिकवण्याच्याही विरुद्ध होता. काब्रालचे हे धोरण वालिन्यानोने मोडून काढले, पण जपान्यांपुरतेच. जपानी लोक ‘गोरे’ आणि बुद्धिमान, म्हणून संघाला योग्य. हिंदी लोक मात्र नव्हेत, आणि मिश्र रक्ताच्यांना घेताना हात आखडता ठेवावा, असे त्याचे मत. इतका डोळस माणूस वसईच्या आईच्या मुलाकडे पाहताना आंधळा कसा होतो, हे वाचून आजही राग येतो. पोर्तुगीज बापाचा हा मुलगा आशियातल्या कातडीच्या त्या उतरंडीत जपानी शेतकऱ्याच्याही खाली बसत होता.

तो निघून गेला आणि व्यापारात पडला. मकाव, जपान, मनिला असा त्याचा वावर झाला, जमही बसला. मनिलात त्याची गाठ फ्रान्सिस्कन संन्याशांशी पडली आणि १५८८ च्या सुमारास त्याने दुकान आवरून त्यांचा झगा अंगावर घेतला. इथेही तो पाद्री झाला नाही, ‘ले ब्रदर’च राहिला. पण आता तो घरचा होता. जेझुइटांच्या चहाघरानंतर ही दुनिया अगदी वेगळी: जाडाभरडा झगा, कमरेला दोर, अनवाणी पाय, भिक्षेवर पोट. पाद्री प्रार्थनाग्रंथ वाचीत. न वाचणाऱ्या ब्रदरांसाठी फ्रान्सिसच्या नियमात मोजणी ठरवून दिली होती. मध्यरात्रीच्या प्रार्थनेऐवजी ‘हे आमच्या बापा’ २४ वेळा, पहाटे ५, दिवसभरातल्या चार प्रहरांना सात-सात, सायंप्रार्थनेला १२ आणि निजताना ७. बेरीज ७६. वारकऱ्याच्या हातातली माळ आठवावी.

१५९३ मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराने पेद्रो बाउतिस्ता या संन्याशाला वकील म्हणून जपानच्या सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीकडे पाठवले. बरोबर दुभाष्या म्हणून गोन्सालो. प्रसंग नाजूक होता. हिदेयोशीने १५८७ मध्येच पाद्रींना देश सोडण्याचा हुकूम काढला होता, तो पुरता अमलात आला नव्हता इतकेच. त्याचे लक्ष कोरियाच्या मोहिमेवर होते आणि फिलिपिन्सने आपल्यापुढे मान तुकवावी अशी त्याची मागणी होती. मान तुकवणे आणि मैत्री करणे यांतले अंतर दरबारात दुभाष्याच्या जिभेवर ठरते. वकील उत्तर येईपर्यंत ओलीस म्हणून जपानात राहिले. त्यांना क्योतोत जागा मिळाली, तिथे त्यांनी चर्च बांधले आणि महारोग्यांसाठी दवाखाना उघडला.

ही पुढची तीन वर्षे गोन्सालोच्या आयुष्यातली सर्वांत भरगच्च असावीत. बाकीच्या संन्याशांना भाषा नवी. त्यामुळे जमिनीचे बोलणे, सुताराशी घासाघीस, रोग्याची तक्रार, अधिकाऱ्याची धमकी, सगळे त्याच्या तोंडून जायचे. शिवाय घरभांडण होतेच. १५८५ च्या पोपच्या आज्ञेने जपान एकट्या जेझुइटांकडे सोपवलेले. फ्रान्सिस्कन आले म्हणून ते नाराज, आणि उघडपणे उपदेश करू नका म्हणून बजावणारे. त्यांची बाजू चुकीची होती असे म्हणवत नाही. हिदेयोशीला ते जास्त ओळखत होते. दोन्ही घरांत राहिलेला माणूस या भांडणात एकटाच होता आणि त्याला विचारायला कोणी जाणार नव्हते.

ऑक्टोबर १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश गलबत तोसाच्या किनाऱ्याला फुटले. माल जप्त झाला. जहाजाच्या सुकाणूदाराने ‘आधी पाद्री येतात, मागून आमचे सैन्य’ अशा अर्थाची बढाई मारल्याचे सांगतात. डिसेंबरात क्योतोच्या मठावर पहारा बसला. ३ जानेवारी १५९७ रोजी कैद्यांच्या डाव्या कानाचे तुकडे कापून त्यांची गाड्यांतून धिंड काढली, आणि ऐन थंडीत महिनाभर चालवत नागासाकीला नेले. निघताना चोवीस, वाटेत दोन वाढले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट आणि सतरा साधे ख्रिस्ती. सर्वांत लहान लुईस इबाराकी, वय बारा. चौदा वर्षांच्या थॉमस कोझाकीने वाटेवरून आईला निरोपाचे पत्र लिहिले. ५ फेब्रुवारीला निशिझाका टेकडीवर सगळ्यांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारले. त्या तीन जेझुइटांपैकी पॉल मिकी हा जपानी सरदार घराण्यातला. संघाने त्याला आत घेतले होते, वसईकराला नव्हते. क्रूस दोघांना एकाच रांगेत मिळाले.

या घटनेचा अहवाल त्याच यादीकर्त्या फ्रॉइसने नागासाकीत बसून लिहिला आणि जुलैत तोही वारला. १६२७ मध्ये सव्वीस जणांना ‘धन्यवादित’ आणि १८६२ मध्ये ‘संत’ घोषित करण्यात आले. भारतात जन्मलेला हा पहिला संत. पुढचे नाव, केरळच्या अल्फोन्सा यांचे, २००८ मध्ये आले. वसईत आज त्याच्या नावाचे महाविद्यालय आहे, गास गावात चर्च आहे. निशिझाकावर १९६२ मध्ये शिल्पकार यासुताके फुनाकोशी यांनी सव्वीस कांस्यमूर्तींची एक लांब भिंत उभारली. तिथे गोन्सालो इतरांच्या रांगेत आहे, हवेत पाय लोंबणारा, अनवाणी.