चालत्या मागाचा माग

नव्वदच्या दशकात सोलापुरात मायक्रोकंट्रोलर शिकायचा म्हणजे ८०५१. प्रोग्रॅम २७६४ ईप्रॉममध्ये भरायचा. चुकला की चिपची काचेची खिडकी वीसेक मिनिटं अतिनील दिव्याखाली ठेवायची. फ्लॅशवाली ८९सी५१ आली आणि दिव्यापुढची ताटकळ संपली. चिपच्या आत डोकावायची सोय मात्र तिच्यातही नव्हती. शंका आली की एलईडी पेटवायचा, नाहीतर सीरियल पोर्टवर एखादं अक्षर सोडायचं. बाकी सगळा अंदाजपंचे कारभार.

मग एलपीसी२१४८ ही एआरएम७ चिप आली, सोबत वीस पिनांचं जेटॅग. १९९० चं हे मानक मुळात बोर्डावरची जोडणी तपासण्यासाठी. डीबगर त्याच वाटेनं चिपमध्ये शिरला. एआरएम७ मध्ये हार्डवेअर ब्रेकपॉइंट दोनच, त्यामुळे ते जपून वापरायचे. एसटीच्या २०१० च्या डिस्कव्हरी बोर्डावर संगणकाला चिपशी जोडणारा एसटी-लिंक प्रोब आयताच मिळाला. जेटॅगऐवजी एसडब्ल्यूडीच्या दोन तारा आणि एक ग्राउंड, एवढ्यात काम भागायला लागलं. त्यावरच्या कॉर्टेक्स-एम३ मुळे ब्रेकपॉइंट सहा झाले. सेगरचं जे-लिंक त्याहून चपळ, पण खिशाला जड. २०२३ मध्ये रास्पबेरी पायचा प्रोब आला, तो १२ डॉलरला.

स्वस्ताईचं कौतुक होतंच. पण डोळे उघडले ते एका यंत्रमागावर. पिक, म्हणजे आडवे धागे, मोजणारं आमचं काउंटर मधूनच एक आकडा जास्त दाखवायचं. ब्रेकपॉइंट लावला की प्रोग्रॅम थांबायचा, माग कुठला थांबतोय! मधले पिक निसटायचे आणि चूक पुन्हा दडी मारायची. कारखान्यातला माग दुरुस्त करणारा जॉबर आधी चालत्या मागाशी कान देऊन उभा राहतो. आम्हालाही तेच हवं होतं. ती सोय एसडब्ल्यूओ या तिसऱ्या तारेत होती. आमच्या स्वस्त नकली प्रोबवर ती बाहेर काढलेलीच नव्हती. मित्राचं जे-लिंक आणलं, तेव्हा इंटरप्टची वेळेसकट नोंद मिळाली: एका पिकाला दोन इंटरप्ट, लागोपाठ. सेन्सरची तार मोटारीच्या केबलला चिकटून नेली होती. ती शील्डेड घेऊन वेगळी ओढली, आकडा जुळला.

प्रोब कुठला घेऊ, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, यंत्र थांबवता येतं का? येत असेल तर दोन तारांचा प्रोब पुरे. नसेल तर एसडब्ल्यूओ हवं, आणि कॉर्टेक्स-एम० मध्ये ते मुळातच नाही, म्हणजे हा विचार चिप निवडतानाच करायचा. एकूणएक पायरीचा माग हवा असेल तर ईटीएमवाली चिप, पाच जादा तारा आणि जे-ट्रेस किंवा लाउटरबाख. तिथे खर्चाची तयारी ठेवायची.

त्या काउंटरनंतर एसटीएम३२एफ१०३ च्या बोर्डावर पीबी३ पिन आम्ही दुसऱ्या कशाला देत नाही. एसडब्ल्यूओ तिथूनच निघतं.