म्हशींनी मळलेली शाळा

चिखल म्हशींनी तुडवला आणि गावाने त्याची दुमजली शाळा उभी केली. ही लोककथा नाही. बांगलादेशाच्या वायव्येला, दिनाजपूर जिल्ह्यातल्या रुद्रपूर गावात २००५ मध्ये हे बांधकाम झालं.

ॲना हेरिंगर ही जर्मन तरुणी १९९७ मध्ये दीपशिखा या संस्थेबरोबर काम करायला रुद्रपुरात आली होती. पुढे ऑस्ट्रियातल्या लिंझ इथे वास्तुकला शिकताना पदवीच्या प्रकल्पासाठी तिने याच गावातली शाळा निवडली. असले प्रकल्प एरवी गुण मिळाले की कपाटात जातात. हा मात्र गावात परतला. बर्लिनचे वास्तुविशारद आइके रोझवाग जोडीला आले. गावचे कारागीर, शिक्षक, पालक आणि खुद्द शाळेची मुलं कामाला लागली.

माती तर गावात होतीच, घरंही मातीचीच होती. पण ती टिकत नसत, आणि कारण पायाशी होतं. दिव्याची वात तेल वर ओढते तशी मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते. तळ भिजून मऊ झाला की वरचा भार त्याला पेलवत नाही. इलाज इतका साधा की वाचून हसू येतं: अर्धा मीटर खोल विटांचा पाया आणि त्यावर प्लास्टिकच्या कागदाचा दुहेरी थर. ओलीची वाट तिथेच संपली.

आता भिंत. नुसती माती वाळताना आकसते आणि तडकते. तिच्यात भाताचा पेंढा मिसळला की काड्या माती धरून ठेवतात. एक मोठी भेग पडण्याऐवजी ताण सगळीकडे वाटला जातो. पण हे मिश्रण नीट एकजीव व्हायला हवं, आणि इथेच म्हशींचं वजन उपयोगी पडलं. ओला चिखल फार भार सोसत नाही, म्हणून भिंत एका दमात चढवायची नाही. सुमारे ६५ सेंटिमीटरचा थर रचायचा, काही दिवस थांबायचं, धारदार फावड्याने कडा तासून सरळ करायच्या, पुन्हा वाळू द्यायचं, मग वरचा थर. इथे मुकादम म्हणजे ऊन.

वरचा मजला बांबूचा. मधल्या तक्तपोशीत बांबूचे तीन थर एकमेकांना आडवे टाकले, वर मातीचं भरण केलं. छपराचे पत्रे भिंतींच्या बरेच बाहेर काढले, कारण पाया कोरडा ठेवूनही पावसाचा मारा भिंतीला चुकत नाही. आणि वर्गांच्या मागे चक्क मातीच्या गुहा! आत शिरावं, टेकून बसावं, एकट्याने पुस्तक वाचावं. हे मला सगळ्यात आवडलं. मुलांना लपायला जागा ठेवणारी शाळा आपण कधी बांधतो?

२००७ मध्ये या शाळेला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. त्यानंतर ढाक्याच्या ब्रॅक विद्यापीठाचे आणि लिंझचे विद्यार्थी रुद्रपुरात आले आणि गावकऱ्यांसोबत त्यांनी मातीची राहती घरं बांधली.

गावी गेलात आणि जुनी मातीची भिंत दिसली, तर तिचा तळाचा हातभर भाग बघा. ओल कुठवर चढली होती ते तिथे उमटलेलं असतं.