डीव्हीडी प्लेअरसाठी चित्रफितीचे रूपांतर : आकार, बिटरेट आणि मर्यादा

मोबाइलवर टिपलेला घरातील विवाहसोहळा तबकडीवर उतरवून गावी आजी-आजोबांकडे पाठवला जातो; मात्र डीव्हीडी प्लेअरमध्ये तबकडी घालताच, ती वाचता येत नसल्याची सूचना पडद्यावर झळकते. तीच फाइल संगणकावर सुरळीत चालत असल्याने दोष प्लेअरचा असावा, असा समज होतो. प्रत्यक्षात अनेकदा तबकडी आणि प्लेअर दोन्ही निर्दोष असतात. फाइलचे स्वरूप तेवढे प्लेअरला कळणारे नसते.

ठरावीक चौकटीतील यंत्र

डीव्हीडीचे तांत्रिक मानक १९९५ साली निश्चित झाले आणि पहिले प्लेअर १९९६ मध्ये जपानच्या बाजारात आले. संगणकात नवे सॉफ्टवेअर घालून नव्या प्रकारच्या फाइली वाचता येतात; साध्या डीव्हीडी प्लेअरमध्ये तशी सोय नसते. मानकानुसार चित्र ‘एमपेग-२’ पद्धतीने संकेतित केलेले असावे लागते. आजचे मोबाइल मात्र ‘एच २६४’ किंवा ‘एच २६५’ या नंतरच्या पद्धती वापरतात. त्यामुळे फाइलचे नाव बदलून किंवा ती जशीच्या तशी तबकडीवर उतरवून उपयोग होत नाही. चित्र पूर्णपणे उलगडून ते नव्याने संकेतित करावे लागते. यालाच पुनःसंकेतन किंवा ‘री-एन्कोडिंग’ म्हणतात.

चित्राचा आकार

भारतात १९८२ साली रंगीत दूरचित्रवाणी सुरू झाली, ती ‘पाल’ पद्धतीने. या पद्धतीच्या डीव्हीडीवर पूर्ण आकाराचे चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचे असते आणि दर सेकंदाला २५ चित्रे दाखवली जातात. अमेरिका व जपानमधील ‘एनटीएससी’ पद्धतीत हा आकार ७२० बाय ४८० असून चित्रांचा वेग सेकंदाला २९.९७ इतका आहे.

मोबाइलवरील १९२० बाय १०८० आकाराच्या चित्रात सुमारे २० लाख ७४ हजार बिंदू असतात. पाल डीव्हीडीच्या चित्रात ४ लाख १५ हजारांच्या आसपास. म्हणजे रूपांतरात चारपंचमांश बिंदू गळतात. चित्र काहीसे मऊ दिसते, ते यामुळेच.

डीव्हीडीवरील बिंदू चौरस नसतात, हेही ध्यानात घ्यावे लागते. रुंद पडद्याचे चित्र आडवे दाबून ७२० बिंदूंत बसवले जाते आणि त्यासोबत ‘१६:९’ अशी खूण नोंदवली जाते. ती वाचून प्लेअर चित्र पुन्हा रुंद करतो. खूण चुकून ‘४:३’ अशी पडल्यास माणसे उंच आणि बारीक दिसू लागतात. उभ्या धरलेल्या मोबाइलवरील चित्रण ताणून पडदाभर करण्याचा मोहही टाळावा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे सोडणे हाच योग्य मार्ग होय.

जुन्या व्हीएचएस फितींवरून घेतलेल्या चित्रणाबाबत अधिक सावधगिरी हवी. त्यात सम आणि विषम ओळी आळीपाळीने टिपलेल्या असतात. अशा चित्राची उंची सरसकट बदलल्यास ओळींची सरमिसळ होऊन हालचालींच्या कडा दातेरी दिसतात. चित्र मुळातच ५७६ ओळींचे असल्यास उंचीला हात न लावणे श्रेयस्कर.

बिटरेटचे गणित

एका सेकंदाच्या चित्रासाठी किती माहिती खर्च करायची, याचे माप म्हणजे बिटरेट. एकपदरी तबकडीची क्षमता ४.७ अब्ज बाइट, म्हणजेच ३७.६ अब्ज बिट असते. दोन तासांचे, म्हणजे ७,२०० सेकंदांचे चित्रण त्यात बसवायचे असल्यास दर सेकंदाला सुमारे ५.२ मेगाबिट वाट्याला येतात. ध्वनी आणि तबकडीची रचना यांसाठी जागा राखून चित्राला ४.८ मेगाबिटच्या आसपास देता येतात. तीन तासांच्या चित्रणास सव्वातीन मेगाबिटच्या आत राहावे लागते आणि वेगवान हालचालींत चौकोनी ठिपके दिसू लागतात. अशा वेळी चित्रण दोन तबकड्यांत विभागणे हिताचे.

चित्रण लहान असले तरी बिटरेट हवा तेवढा वाढवता येत नाही. मानकाने चित्रासाठी ९.८ मेगाबिटची कमाल मर्यादा घातली आहे. ती ओलांडल्यास प्लेअर अडखळतो.

ध्वनी आणि तबकडी

ध्वनीचे नमुने दर सेकंदाला किमान ४८ हजार असावे लागतात. मोबाइलमधील ‘एएसी’ ध्वनी डीव्हीडीच्या मानकात बसत नाही. तो ‘एसी-३’ पद्धतीत बदलावा लागतो. अनेक मोबाइल चित्रांचा वेग चित्रणादरम्यान कमी-जास्त करतात. रूपांतरापूर्वी तो एकसारखा न केल्यास ओठ आणि आवाज यांचा मेळ सुटण्याचा संभव असतो.

‘एफएफएमपेग’ या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये पाल डीव्हीडीसाठीची तयार मांडणी निवडता येते. आकार, वेग आणि ध्वनी यांची मापे त्यातून ठरतात. मात्र रुंदी-उंचीचे प्रमाण आणि बिटरेट स्वतः तपासून घ्यावेत. त्यानंतर ‘डीव्हीडीस्टायलर’सारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरने तबकडीची ठरावीक रचना तयार करावी लागते, नुसती एमपेग-२ फाइल उतरवणे पुरेसे नसते. पहिली चाचणी पुन्हा लिहिता येणाऱ्या तबकडीवर घेतल्यास नुकसान टळते. ‘डिव्हएक्स’चे चिन्ह असलेले प्लेअर काही ‘एव्हीआय’ फाइली थेट वाचतात. परंतु मोबाइलमधील ‘एच २६४’ फाइली त्यांपैकी बहुतेकांना वाचता येत नाहीत.

मूळ फाइल जपावी

पुनःसंकेतनात गळालेला तपशील परत मिळवता येत नाही. डीव्हीडीवरील चित्र पुढे कितीही मोठे केले, तरी गेलेले बिंदू पुन्हा उगवत नाहीत. म्हणून डीव्हीडी ही पाहण्यासाठीची प्रत समजावी आणि मोबाइल किंवा कॅमेऱ्यातील मूळ फाइल किमान दोन वेगळ्या ठिकाणी जतन करावी. गावाकडे तबकडी पोहोचली म्हणून मूळ चित्रण पुसून टाकणाऱ्या कुटुंबाला त्या सोहळ्याची तेवढी स्पष्ट आठवण पुन्हा लाभत नाही.