वजनकाट्याला न दिसणारी चरबी

२००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. कुठलाही तक्ता काढला तरी दोघंही ‘नॉर्मल’ रकान्यातले. मात्र शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त.

युडकिन मॅरेथॉन धावणारे होते, तेव्हा काही फरक व्यायामाचा होताच. पण सगळा हिशोब व्यायामावर सुटत नाही, हे याज्ञिकांना त्याआधीच कळलं होतं, तेही तान्ह्या बाळांकडून. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची भरली, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पोटातले अवयवही लहान होते. पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली कातडीची घडी मोजली तेव्हा तिथल्या चरबीत मात्र तितकी घट नव्हती. म्हणजे काड्यांसारखे हातपाय असलेलं हे बाळ चरबी राखूनच जन्माला येत होतं. ‘बारीक पण चरबीयुक्त भारतीय’ ही कल्पना पुण्याच्या या कामातून जगभर गेली.

ज्या मातीत हे संशोधन झालं, तिथे आजही लठ्ठपणाची परीक्षा म्हणजे वजनकाटा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचा डोळा. ‘तू कुठे जाड आहेस?’ या एका वाक्यावर कितीतरी जणांची तपासणी राहून जाते.

“बीएमआय नॉर्मल आहे, मग कसली चिंता?”

किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, हे सूत्र डॉक्टरांनी शोधलेलं नाही. अॅडॉल्फ केटले हा बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. एकोणिसाव्या शतकात तो ‘सरासरी माणूस’ कसा असतो, हे आकड्यांत बसवू पाहत होता. त्याच्या सूत्राला बीएमआय हे नाव १९७२ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांनी दिलं, तेही मोठ्या समूहांच्या अभ्यासासाठी. गावाचं, जिल्ह्याचं, देशाचं चित्र पाहायला ते उत्तमच आहे. पण समोर बसलेल्या एका माणसाच्या वजनात स्नायू किती, चरबी किती आणि ती चरबी नेमकी कुठे साठली आहे, यातलं काहीही त्यातून कळत नाही.

शिवाय २५ पर्यंत नॉर्मल हा आकडा आपल्यासाठी नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे सावध होण्याचे टप्पे सुचवले. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी एकमताने २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा असं ठरवलं. १६५ सेंटीमीटर उंचीच्या, ६६ किलो वजनाच्या माणसाचा बीएमआय २४.२ येतो. युरोपच्या तक्त्यात तो सुखरूप, भारतीय तक्त्यात जास्त वजनाचा. त्याच्या पोटाचा घेर ९४ सेंटीमीटर असेल तर चित्र आणखी बदलतं, कारण भारतीय पुरुषांसाठी मर्यादा ९० आहे आणि स्त्रियांसाठी ८०.

घेर मोजायची टेप अगदी स्वस्त असते, तरीही दवाखान्यात ती क्वचितच बाहेर निघते. पँटचा नंबर म्हणजे घेर नव्हे; पँट तर पोटाच्या खाली सरकलेली असते. सर्वात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्यावर, उघड्या अंगावर, टेप जमिनीला समांतर धरून, सहज श्वास सोडल्यावर मोजायचं. पोट आत ओढायचं नाही. आकडे लक्षात राहत नसतील तर एवढं पुरे, की घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘इंडियाब’ या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीत एक लाखाहून जास्त लोक तपासले गेले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार बीएमआयने लठ्ठ ठरणारे २८.६ टक्के होते, आणि पोटाच्या घेराने लठ्ठ ठरणारे ३९.५ टक्के. या दोन आकड्यांमधल्या फरकात जी माणसं आहेत, त्यांना काट्यावर उभं करून ‘ठीक आहे’ म्हणणं ही त्यांची फसवणूक आहे.

पोटातल्या चरबीलाच एवढं महत्त्व का? कातडीखालची चरबी ही शरीराची कणगी आहे, जास्तीची ऊर्जा तिथे साठावी अशी सोय. आपल्या लोकांची कणगी मुळात लहान. ती लवकर भरते, आणि मग धान्य माजघरात, ओसरीवर, जिथे नको तिथे सांडायला लागतं: आतड्यांभोवती, स्वादुपिंडात आणि यकृतात. तिथून इन्सुलिनला दाद न देणं सुरू होतं आणि मागोमाग साखर, ट्रायग्लिसराइड, रक्तदाब वाढत जातात.

“दारूला शिवत नाही, मग लिव्हर कशाला बिघडेल?”

पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या खेड्यांत १,९११ लोकांची पाहणी झाली आणि ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. शेतात राबणारी, बहुतेक सडपातळ माणसं. तरीही ८.७ टक्के लोकांच्या यकृतात दारूशी संबंध नसलेली चरबी सापडली, आणि त्यांच्यातल्या तीन चतुर्थांश लोकांचा बीएमआय २५ च्या आत होता. शहरांचे आकडे याहून बरेच मोठे आहेत. भारतातल्या अनेक अभ्यासांची २०२२ मध्ये एकत्र मोजदाद झाली, तेव्हा प्रौढांमधलं प्रमाण सुमारे ३८ टक्के निघालं.

तरीही सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर’ वाचून एखाद्या घरातली बाई ओशाळते, लोक काय म्हणतील म्हणून कागद लपवून ठेवते. ही लाज अगदी विनाकारण आहे, आणि तिच्यामुळे पुढची तपासणी होत नाही हे जास्त वाईट. २०२३ पासून या आजाराच्या नावातच चयापचयाचा उल्लेख आला आहे. कागदावर एनएएफएलडीऐवजी एमएएसएलडी दिसलं तर तो नवा रोग नाही. दारू आणि चयापचय ही दोन्ही कारणं एकाच माणसात असतील तर मात्र यकृताची हानी वेगाने होते. त्यामुळे ‘फक्त शनिवारी’ हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगितलेलं बरं.

“तूप-तेल बंद केलं की लिव्हर साफ”

यकृतातली चरबी ताटातल्या तुपातून सरळ तिथे जाते, असा समज आहे. २००५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी खुणेचे अणू वापरून तिचा माग काढला. रुग्ण मोजके होते, पण उत्तर स्पष्ट आलं. यकृतातली सुमारे ५९ टक्के चरबी शरीरातल्या चरबीच्या साठ्यातून रक्तावाटे आलेली होती, २६ टक्के यकृतानेच साखर आणि पिठूळ अन्नापासून बनवलेली, आणि आहारातल्या स्निग्धांशातून आलेली फक्त १५ टक्के.

म्हणून तूप सोडून चहात तीन चमचे साखर, दुपारी बिस्किटं आणि जेवणात भाताचा डोंगर असं चाललं तर यकृताला सुटका नाही. फळांचा रस हा आरोग्याचा पर्याय वाटतो, पण त्यातलं फ्रुक्टोज मुख्यतः यकृतच पचवतं. रसाऐवजी अख्खं फळ खावं. तळणाला यातून परवाना मिळत नाही. उष्मांक शेवटी उष्मांकच.

“ग्रेड वन? तो तर सगळ्यांनाच असतो”

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. सोनोग्राफीवरचा ग्रेड म्हणजे यकृत पडद्यावर किती पांढरट दिसतं याचा अंदाज. चरबी कमी असेल तर ती सोनोग्राफीत निसटूही शकते. आणि मुख्य म्हणजे, यकृतात व्रणासारखे कडक तंतू तयार झाले आहेत का, हे ग्रेडवरून कळत नाही. ग्रेड एकचा माणूस सिरॉसिसच्या, म्हणजे यकृत तंतूंनी भरून कडक होण्याच्या, वाटेवर असू शकतो आणि ग्रेड दोनचा वर्षानुवर्षं तिथेच थांबू शकतो. पुढचं भवितव्य ठरतं ते चरबीवरून नाही, त्या तंतूंवरून, म्हणजे फायब्रोसिसवरून.

‘एसजीपीटी नॉर्मल आहे’ हा दुसरा खोटा दिलासा. फॅटी लिव्हर असलेल्या पुष्कळ जणांचे एसजीपीटी आणि एसजीओटी हे यकृताचे एन्झाइम नॉर्मल असतात, फायब्रोसिस पुढे गेलेल्या काहींचेसुद्धा.

मग पाहायचं काय? फिब-४ नावाचा एक हिशोब आहे, आणि त्याला लागणारं सगळं नेहमीच्या रक्ततपासणीच्या कागदांवर असतं. वयाला एसजीओटीने गुणायचं. प्लेटलेट्सचा हजारांतला आकडा घेऊन त्याला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणायचं. पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागायचं. समजा वय ४८, एसजीओटी ३८, एसजीपीटी ५२, प्लेटलेट्स २ लाख २० हजार. उत्तर येतं १.१५. १.३ च्या खाली असेल तर फायब्रोसिस बराच पुढे गेल्याची शक्यता कमी. आता दुसरा माणूस घेऊ: वय ५८, एसजीओटी ६२, एसजीपीटी ४९, प्लेटलेट्स १ लाख ४० हजार. उत्तर ३.६७. २.६७ च्या वरचा हा आकडा त्याला यकृततज्ज्ञाकडे नेणारा आहे, मग सोनोग्राफीत ग्रेड काहीही असो. १.३ आणि २.६७ यांच्या मधल्यांसाठी फायब्रोस्कॅन असतो. तो कंपनांनी यकृताचा ताठरपणा मोजतो, सुई लागत नाही. ताठरपणा ८ किलोपास्कलच्या खाली असेल तर बहुधा पुढे गेलेला फायब्रोसिस नाही. पासष्टीनंतर फिब-४ ची खालची मर्यादा २ धरतात, आणि पस्तिशीच्या आत हा हिशोब फारसा भरवशाचा नाही.

मधुमेही माणसाचे डोळे, मूत्रपिंड, पाय तपासले जातात. यकृत मात्र राहून जातं, आणि जोखीम त्यांनाच जास्त असते. भारत सरकारने २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. प्राथमिक आरोग्य केंद्रात टेप आणि हा एक भागाकार पोचला, तर त्या निर्णयाचं खरं चीज होईल.

यकृत हा चयापचयाच्या या साऱ्या आजाराचा एक तुकडा झाला. फॅटी लिव्हरच्या रुग्णांच्या मृत्यूचं सर्वात मोठं कारण हृदयविकार आहे, यकृत नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये लॅन्सेटच्या पन्नासहून अधिक तज्ज्ञांच्या आयोगाने सुचवलं, की नुसत्या बीएमआयवर लठ्ठपणा ठरवू नये. घेर किंवा चरबी मोजून तो पक्का करावा, आणि मग कुठला अवयव बिघडला आहे का ते पाहावं. अवयव बिघडला असेल तर तो आजार समजून उपचार करावेत, नसेल तर जोखीम समजून लक्ष ठेवावं. म्हणून डॉक्टरांनी रक्तदाब, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि लिपिड पाहायचे, तसे काही प्रश्नही विचारायचे. रात्री घोरता का, झोपेत श्वास अडकतो असं घरचे म्हणतात का, दिवसा पेंग येते का? जिना चढताना गुडघे दुखतात का? पाळी अनियमित आहे का? घोरणं म्हणजे गाढ झोप, हा समज घराघरांत आहे. प्रत्यक्षात जोरजोरात घोरणाऱ्या जाड मानेच्या माणसाला स्लीप अॅप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराची, तपासणी लागू शकते.

“बाळसं आहे, मोठेपणी उतरेल”

मुलांना मोठ्यांचे आकडे लावता येत नाहीत. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांसाठी वेगळे वाढीचे तक्ते दिले. त्यांत वयानुसार वळत जाणाऱ्या दोन रेषा मोठ्यांच्या २३ आणि २७ या बीएमआयशी जुळवलेल्या आहेत. मानेवर किंवा काखेत काळसर, मखमली पट्टा दिसला तर तो घासून निघणारा मळ नसतो, इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. त्या मुलाच्या साखरेबरोबर यकृताचीही तपासणी व्हावी.

“एक काढा घेतला की लिव्हर धुऊन निघतं”

यकृत धुणारं काहीही बाजारात नाही, आणि ‘नैसर्गिक’ म्हणून विकलं जाणारं सगळं निर्धोकही नाही. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांना यकृताचा दाह झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, वाद झाला. पण यकृत आधीच दुखावलेलं असताना असे प्रयोग डॉक्टरांना न सांगता करू नयेत, यात वादाला जागा नाही. साधी कॉफी मात्र, साखर न घालता, अनेक अभ्यासांत यकृताच्या बाजूने उभी राहिली आहे.

खरं औषध वजनातली घट, आणि तिचे आकडे वाटतात तेवढे धडकी भरवणारे नाहीत. क्यूबामध्ये २९३ रुग्णांनी वर्षभर आहार आणि व्यायाम सांभाळला. २०१५ मध्ये ते निष्कर्ष आले. ज्यांचं वजन १० टक्के किंवा त्याहून जास्त उतरलं, त्यांच्यातल्या ९० टक्के लोकांचा यकृतदाह गेला आणि ४५ टक्के लोकांचा फायब्रोसिस मागे हटला. तिथवर पोचणारे मात्र दहात एकच होते, आणि म्हणूनच रुग्णाला ‘मनावर घ्या’ एवढंच सांगून सोडणं अन्यायाचं आहे. आहारतज्ज्ञ, वेळेवर फेरतपासणी, घरच्यांची साथ हे सगळं उपचारातच मोडतं. ५ टक्क्यांनीही यकृतातली चरबी कमी होते. ८० किलोच्या माणसाला ते चार किलो. सडपातळ रुग्णाला ३ ते ५ टक्के पुरतात, पण त्याने स्नायू राखणं जास्त गरजेचं, म्हणून चालण्यासोबत वजन उचलण्याचा व्यायाम आणि ताटात डाळ, उसळ, दही, अंडी.

सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनाला अमेरिकेत २०२५ मध्ये फायब्रोसिससह यकृतदाहासाठी मान्यता मिळाली, रेस्मेटिरॉम या औषधाला २०२४ मध्ये. वजनाची अशी इंजेक्शनं भारतातही आली आहेत. ती कोणाला द्यायची हे घेर, फायब्रोसिस आणि सोबतचे आजार पाहून डॉक्टरच ठरवू शकतात. केमिस्टकडून परस्पर आणायची वस्तू ती नव्हे. आणि फिब-४ आज कमी आला म्हणून फाइल बंद होत नाही. मधुमेह किंवा त्याची पूर्वस्थिती असेल, किंवा रक्तदाब, वाढलेले ट्रायग्लिसराइड, पोटाचा घेर यांतले दोन धोके असतील, तर तो एक ते दोन वर्षांनी पुन्हा काढायचा, बाकीच्यांनी दोन ते तीन वर्षांनी.