नवोदय विद्यालय : आपल्या पाल्यासाठी योग्य आहे का?

नवोदय विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेचे अर्ज भरण्याचे दिवस आले की, काही पालक आमच्याकडे येतात व विचारतात, "फादर, मूल हुशार आहे, पाठवावे का?" येथे वस्तुतः दोन प्रश्न आहेत. प्रवेश मिळेल का, हा पहिला. आणि तेथील जीवन मुलाला मानवेल का, हा दुसरा. परीक्षा केवळ पहिल्याचे उत्तर देते. दुसऱ्याचे उत्तर पालकांनीच शोधावयाचे असते.

ग्रामीण भागातील बुद्धिमान मुलांना, घरची परिस्थिती कशीही असो, उत्तम शिक्षण मिळावे हा या विद्यालयांचा हेतू. १९८५-८६ साली पहिली दोन विद्यालये हरियाणातील झज्जर व आपल्या राज्यातील अमरावती येथे सुरू झाली. सहावीच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. निवास व भोजनाची सोय विनामूल्य असते. पाचवीतील मुलांच्या या परीक्षेत बौद्धिक क्षमता, अंकगणित व भाषा हे तीन विभाग असतात आणि सहावीच्या प्रवेशासाठी ती एकदाच देता येते. पुढे नववीत रिक्त जागांसाठी वेगळी परीक्षा होते.

परंतु हे विद्यालय पूर्णतः निवासी आहे. अकरा वर्षांच्या आसपासचे मूल आईवडिलांपासून दूर राहणार असते. प्रारंभी मातृभाषेतून शिकल्यानंतर गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकावे लागते. नववीत काही विद्यार्थ्यांना एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रांतातील विद्यालयात पाठविले जाते. काही मुले या अनुभवांनी समृद्ध होतात, तर काही मनातल्या मनात कोमेजतात.

म्हणून अर्जापूर्वी पालकांनी काही गोष्टी पडताळून पाहाव्यात. अभ्यासाची ओढ मुलाची स्वतःची आहे, की क्लासची? आजोळी चार दिवस आईवडिलांविना ते आनंदाने राहते का? दुखले-खुपले तर मोठ्यांना सांगते का? शक्य झाल्यास विद्यालय प्रत्यक्ष पाहावे. पालकांच्या भेटीचे दिवस, आजारपणातील व्यवस्था, रविवारच्या मिस्साची सोय याविषयी प्राचार्यांना विचारावे. मुख्य म्हणजे मुलाचे म्हणणे ऐकावे. शेजाऱ्याचा मुलगा गेला, हे कारण पुरेसे नाही.

मूल अद्याप तयार नसेल, तर त्याची बुद्धी वाया गेली असे मानू नये. सहावी व नववीच्या विद्यार्थ्यांसाठी होणाऱ्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेची तयारी घरी राहूनही करता येते. गावचे वाचनालय व एखादे तळमळीचे शिक्षक यांचा आधारही मोठा असतो.

मूल जाणारच असेल, तर निघण्यापूर्वी त्याला एक गोष्ट स्पष्ट सांगावी : "तुला तेथे नाहीच जमले, तर परत ये; आम्ही रागावणार नाही." हा शब्द ज्यांना मनापासून देता येईल, त्यांनीच अर्ज भरावा, असे आम्हांला वाटते.