रोहित्रावरचे सहा आकडे

उपकेंद्रात दूरदेखरेखीची स्काडा यंत्रणा असली, तरी तिची नजर बहुधा ११ केव्ही वाहिनीच्या ब्रेकरपाशी थांबते. ब्रेकर पडला की नियंत्रण कक्षात लगेच कळते. पण वाहिनीवरच्या एखाद्या रोहित्राचा उच्चदाब बाजूचा एकच डीओ (ड्रॉप-आउट) फ्यूज गेला, तर एकूण प्रवाहात फारसा फरक पडत नाही आणि ब्रेकर जागचा हलत नाही. उपकेंद्राच्या लेखी सारे सुरळीत. गावात मात्र दिवे मिणमिणत असतात. 'वीज जात नाही, नुसती मंद का होते?' हा वाचकांचा प्रश्न नेमका इथला.

आपल्याकडची थ्री-फेज वितरण रोहित्रे सहसा उच्चदाब बाजूला डेल्टा आणि लघुदाब बाजूला स्टार जोडणीची असतात. डीओ जाऊन डेल्टाकडे येणारी एक तार तुटली, की तीन गुंडाळ्यांपैकी एकीलाच पूर्ण दाब मिळतो. उरलेल्या दोन एकीमागे एक येऊन तेवढाच दाब वाटून घेतात. परिणामी घरांकडे एका फेजवर २३० व्होल्ट, बाकी दोहोंवर साधारण ११५. या दोन फेजवरचे भार असमान असतील, तर वाटणीही असमान होते. फ्रिजचा कॉम्प्रेसर नुसता घुमतो. संरक्षण नसलेली शेतपंपाची मोटर जळते.

लघुदाब बाजूचा फ्यूज गेला, तर दोन फेज शाबूत राहतात आणि तिसरा शून्याकडे जातो. मात्र तिथे शून्यच दिसेल असे नाही. दोन फेजवर फिरत राहिलेली थ्री-फेज मोटर तिसऱ्या तारेत उलटा दाब पाठवते. म्हणून दाबाच्या जोडीला प्रवाह पाहावा लागतो: गेलेल्या फ्यूजमधून प्रवाह वाहत नाही.

रोहित्रावरच्या मीटरने मोजलेले हे तीन दाब आणि तीन प्रवाह बिघाड होताच कक्षात पोचले, तर भर पावसात रात्री निघालेल्या लाइनमनला आधीच कळते, की काम डीओचे आहे की खालच्या फ्यूजचे, आणि कोणत्या डीपीवर, म्हणजे रोहित्राच्या खांबांवर. केंद्राच्या २०२१ च्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेत वाहिन्या आणि रोहित्रांवर संवादी मीटर बसवण्याची तरतूद आहे. तिचा मुख्य हेतू ऊर्जेचा हिशेब आणि गळतीचा शोध. तो हेतू रास्तच आहे, पण असा मीटर फक्त हिशेबाला जुंपणे म्हणजे त्याचे निम्मे काम वाया घालवणे होय.

एका बिघाडापुढे हा मीटरही आंधळा ठरतो. न्यूट्रल रोहित्रापासून दूर तुटला, तर डीपीवर तिन्ही दाब ठाकठीक दिसतात आणि पुढच्या घरांत एका फेजवर ३०० व्होल्टही चढू शकतात. तो पकडायला शेवटच्या घराचाच मीटर बोलका हवा. तोवर घरातले दिवे एकाएकी प्रखर झाले, तर आधी मेन स्विच बंद करावा, मग तक्रार नोंदवावी.